ट्रेपाशी अडायचं नसेल तर

विमानतळावर आपला खोळंबा रांगेपेक्षा बॅग पुन्हा उघडावी लागल्याने जास्त होतो. लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर एका कापडी पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवा. ट्रे आला की पिशवी काढून सगळं सुटं मांडायचं. पट्टा, नाणी, किल्ल्या रांगेतच जॅकेटच्या खिशात.

पॉवर बँक चेक-इन सामानात कधीच टाकू नका. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये कुणीतरी धावतं. खाली सामानाच्या कप्प्यात कुणाचा हात पोहोचणार? मर्यादा 100 वॅट-तासांची, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेची. 20,000 एमएएचची साधारण 74 भरते, म्हणजे चालते. पण तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर हुज्जत ठरलेली.

आता सुकं खोबरं. आईने वाटणासाठी दिलेल्या चार वाट्या माझ्या चेक-इन बॅगेतून काढायला लावल्या, तेव्हा रागच आला होता. पण त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेटू शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला 1363 हा स्वतःचा क्रमांकच आहे. तेव्हा खोबरं तिकडच्या वाण्याकडूनच घ्या. लोणचं चेक-इनमध्ये, बरणीला दोन पिशव्या बांधून.

नियम अगदी दगडी असतात असंही नाही. अख्खा नारळ एरवी केबिनमध्ये चालत नाही, पण 2024 च्या हंगामात केरळातल्या शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावर न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत नेऊ दिला होता, अर्थात तपासून.