जॅझ गिटार आणि गाणं एकाच अँपवर? या चुका टाळा

दुकानात गेलं की आपण अँपला आधी गिटार लावतो. दोन-चार कॉर्ड वाजवायचे, टोन गोल आणि मऊ आला की मान डोलते, खिशातून कार्ड निघतं. माईक लावून बघायचं राहूनच जातं. माझंही तेच झालं होतं. घरी आणलेल्या बारा इंची स्पीकरच्या अँपमधून गिटार लोण्यासारखी वाजायची आणि गायिका मात्र गोधडीत तोंड खुपसून गातेय असं वाटायचं.

दोष अँपचा नव्हता. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. गिटारला ते मानवतं, जॅझ गिटारला तर फारच. पण स, श, च यांची सळसळ नेमकी तिथे आणि त्याच्याही वर असते. ट्रेबलचं बटण कितीही पिळा, जे स्पीकरमध्येच नाही ते बटण कुठून आणणार? रोलंड कंपनीचा जेसी-१२० हा गिटार अँप क्लीन, म्हणजे न फाटणाऱ्या टोनसाठी १९७५पासून नावाजलेला आहे, पण त्यातही दोन बारा इंची स्पीकर आहेत आणि ट्विटर, म्हणजे वरचे बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर, नाही. गाण्यासाठी तो बनलेलाच नाही.

उलट बाजूने मात्र काम जमतं. ट्विटर असलेल्या अँपवर गिटारचा टोचरेपणा कमी करता येतो. त्यामुळे दोघांत एकच घ्यायचा असेल तर निवड गळ्यासाठी करा. गिटारला सांभाळून घेता येतं. दोन चॅनेलचे अकूस्टिक अँप, म्हणजे अकूस्टिक गिटार आणि माईक दोन्हींसाठी बनवलेले, इथे कामाला येतात. फिशमन लाउडबॉक्स मिनी (६० वॉट, खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर, एक इंची ट्विटर) किंवा एईआर कॉम्पॅक्ट ६० (वेगळा ट्विटर नाही, पण वरचे सूरही काढणारा ट्विन-कोन स्पीकर) हे त्यातले ओळखीचे. हेन्रिक्सन कंपनीचा बड हा अँप तर जॅझवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे. बजेट असेल तर तो जरूर ऐका. दुकानात स्वतःची गिटार आणि स्वतःचा माईक न्या आणि गाण्याआधी ‘सांज’, ‘शिशिर’, ‘चाहूल’ असे शब्द नुसते बोलून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

घरी आणल्यावर गिटार टोचते?

अँप परत करायला धावू नका. अकूस्टिक अँप पिएझो पिकअपसाठी, म्हणजे अकूस्टिक गिटारची थरथर टिपणाऱ्या पिकअपसाठी, घडवलेले असतात. इलेक्ट्रिक गिटारचा मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाचा, पिकअप लावला की पिकची टकटक ट्विटरमधून सरळ बाहेर येते. गिटारवरचा टोन नॉब निम्म्यावर आणा, त्या चॅनेलचा ट्रेबल उतरवा, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, मऊ आवाजाच्या) तारा चढवा. तरीही टोचत असेल तर गिटारच्या वाटेत एक साधा ईक्यू पेडल (ठरावीक सूर कमी-जास्त करणारा डबा) टाका. माईकच्या चॅनेलला हात लावायची गरज पडत नाही.

घुमणं आणि शिट्टी

नवखे लोक या दोन तक्रारी एकच समजून मास्टर व्हॉल्यूम कमी करत बसतात. घुमतं ते गिटारचं पोकळ अंग. आर्चटॉपमध्ये, म्हणजे जॅझवाल्यांच्या फुगीर पोटाच्या पोकळ गिटारमध्ये, बहुतेकदा ए तारेच्या, म्हणजे ११० हर्ट्झच्या आसपासचा एखादा सूर धरला की अँपचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो आणि थांबत नाही. अँपवर नॉच (एकच अरुंद पट्टा कापणारं बटण) असेल तर तो हळूहळू फिरवत तेवढाच सूर कापा. फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण असेल तर दाबून बघा, एफ-होलमध्ये, म्हणजे गिटारच्या एफ आकाराच्या भोकात, फोमचा तुकडा बसवा. बास थोडा उतरवला की आणखी एक फायदा होतो. स्पीकर एकच असल्याने खालच्या तारा जोरात वाजल्या की त्यांच्यासोबत गाण्याचा आवाजही थरथरतो, ते थांबतं.

शिट्टी मारतो तो माईक, आणि ती बटणांनी कमी, जागा बदलून जास्त थांबते. बहुतेक जण अँप पाठीमागे ठेवतात. म्हणजे गायिकेच्या तोंडाकडे रोखलेला माईक तिच्या खांद्यावरून थेट स्पीकरकडेच बघत असतो. एसएम ५८सारखा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माईक शेपटीकडून, म्हणजे केबलच्या बाजूने, सगळ्यात बहिरा असतो. अँप एक पाऊल पुढे आणि बाजूला सरकवा, अँपचं तोंड लोकांकडे ठेवा. सुपरकार्डिऑइड (आणखी अरुंद ऐकणारा) माईक असेल तर त्याचा बहिरा कोपरा ठीक मागे नसून मागे-बाजूला असतो, त्यामुळे जागा थोडी वेगळी शोधावी लागते.

माईक गिटारच्या जॅकमध्ये जुगाड करून खुपसू नका. आवाज बारीक येतो आणि तो वाढवताना खरखरही वाढते. माईकसाठीचं तीन पिनांचं एक्सएलआर सॉकेटच वापरा.

वॉटच्या आकड्यालाही फार भुलू नका. ६०चे १२० वॉट केले तर फरक पडतो तो ३ डेसिबलचा. कॅफेतल्या द्वयीला ६० पुरतात. ड्रमर आला की लाइन आउटमधून, म्हणजे अँपमागच्या बाहेर जाणाऱ्या जॅकमधून, हॉलच्या सिस्टीमला जोडा.

राहिली वीज. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून अँप मागवत असाल तर मागची पाटी आधी वाचून घ्यायला सांगा. फक्त १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० व्होल्टला लावला की तो गेलाच. आणि हम (विजेची घुरघुर) घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. गिटार एका सॉकेटवर, माईकची सिस्टीम दुसऱ्यावर आणि अर्थिंग बिघडलेलं, अशा वेळी तारांवर हात ठेवून ओठ माईकला लागले की झटका बसतो, तो जिवावरही बेतू शकतो. एका अँपवर दोन्ही असले की हा धोका बराच कमी होतो. पण त्याच माईकवर गाताना शेजारच्या बासवाल्याच्या तारेला हात लागला तर तो पुन्हा आलाच.