प्रेस बॉक्समधला पहिला दिवस: कसं बसायचं, कसं वागायचं

पहिली मॅच कव्हर करायला मिळाली की भारी वाटतं, पत्रकारांचं प्रवेशाचं कार्ड गळ्यात पडतं, घरी फोटो पाठवून होतो, आणि आत गेल्यावर वागायचं कसं हे मात्र कुणीच सांगत नाही. ऑफिसातल्या डेस्कवरून फक्त एवढंच येतं की मॅच बघ आणि कॉपी, म्हणजे बातमी, वेळेत दे. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की प्रेस बॉक्स, म्हणजे स्टेडियममधली पत्रकारांची बसायची जागा, हे ऑफिस आहे, फक्त त्याच्या खिडकीतून मैदान दिसतं. तिथं टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, "यस्स" नाही, "अरे काय हे" पण नाही. आवडत्या टीमची जर्सी किंवा कॅप घालून तर अजिबात जायचं नाही. कित्येक ठिकाणी मॅच सुरू व्हायच्या आधी माइकवरून सांगतात की इथं चिअरिंग चालणार नाही, आणि ऐकलं नाही तर बाहेर काढतात.

माझ्या पहिल्याच फुटबॉल मॅचला इंज्युरी टाइममध्ये गोल झाला आणि मी उभी राहून ओरडले. शेजारी एक सिनियर बसले होते, ते मला काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त स्क्रीनवरचा अख्खा इंट्रो सिलेक्ट केला, डिलीट केला आणि परत पहिल्या शब्दापासून लिहायला घेतलं. तेव्हा मला कळलं की माझ्यासाठी जो आनंदाचा क्षण होता तो त्यांच्यासाठी अख्ख्या दिवसातला सगळ्यात अवघड क्षण होता. कारण रात्रीच्या मॅचची कॉपी मॅच संपल्यावर लिहायला बसत नाहीत, ती मॅच चालू असतानाच लिहून होत आलेली असते, पहिल्या हाफचं वर्णन हाफटाइमच्या 15 मिनिटांत पाठवायचं, मग सत्तराव्या मिनिटापर्यंतचं, आणि शेवटची शिट्टी वाजली की वरचे दोन-तीन पॅरा जोडून बटण दाबायचं, तिकडे डेस्क पान सोडायला थांबलेलं असतं. अशात नव्वदाव्या मिनिटाला गोल झाला तर हेडिंग, इंट्रो, हिरो, व्हिलन सगळंच उलटं होतं. म्हणून शेवटची दहा मिनिटं किंवा शेवटच्या दोन-तीन ओव्हर चालू असताना शेजाऱ्याशी एक शब्द बोलू नका, "काय मॅच आहे ना" एवढं पण नाही.

पोचायचं लवकर. फुटबॉलला टीमशीट, म्हणजे खेळणाऱ्यांची यादी, साधारण तासभर आधी हातात येतं, क्रिकेटला टॉस सहसा अर्धा तास आधी, त्याच्याही आधी तुमचा लॅपटॉप चालू आणि वायफायला जोडलेला पाहिजे. वायफाय ऐन वेळी बसतंच असं धरून चाला आणि फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. छोटा एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर आजूबाजूचे चारजण तुम्हाला कायम लक्षात ठेवतील. सीटवर नाव किंवा नंबर असतो तो बघूनच बसा, रिकामी दिसली म्हणून पुढच्या रांगेत जाऊ नका, ती खुर्ची बहुतेक एखाद्या न्यूज एजन्सीवाल्याची असते आणि तो वॉर्मअप बघून येतच असतो. फोन सायलेंटवर. ऑफिसचा कॉल आला तर उठून बाहेर जा. रेडिओवाले लाइव्ह बोलत असतील तर त्यांच्या मागून जाताना आवाज करू नका, तुमचं बोलणं थेट ऑन एअर जातं.

व्हिडिओचं फार जपून. मॅच चालू असतानाचं फुटेज दाखवायचे हक्क ब्रॉडकास्टरने विकत घेतलेले असतात, त्यामुळे बॉक्समधून दहा सेकंदांची रील टाकली तरी कार्ड जाऊ शकतं. तुमच्या ॲक्रिडिटेशनच्या, म्हणजे त्या कार्डाच्या, अटींमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं, त्या एकदा नीट वाचाच. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये खेळाडू आणि मॅच ऑफिशियल्सचा जो भाग असतो त्याला पीएमओए म्हणतात, तिथं वेगळ्या पासशिवाय जायचं नाही, फिक्सिंगच्या भीतीने फोनवरही कडक बंधनं असतात. ओळखीच्या खेळाडूला हाय करायला म्हणून सहज तिकडे वळलात तरी चौकशी होऊ शकते.

शेजाऱ्याला विचारायला लाजू नका. तो पास कुणाचा होता, विकेट कितव्या ओव्हरला पडली, असलं कुणीही आनंदाने सांगतं, फक्त तो टाइप करायचा थांबेपर्यंत थांबा आणि दर पाच मिनिटांनी विचारू नका, स्वतःची वही ठेवा. पण फॅक्ट विचारणं वेगळं आणि कुणाची स्टोरी उचलणं वेगळं. शेजारी फोनवर त्याच्या एडिटरला जे सांगतोय ते तुमच्या कानावर पडलं तरी ते तुमचं नाही. त्याच्या स्क्रीनमध्ये डोकावणं तर फारच वाईट.

आता प्रेस कॉन्फरन्स. हात वर करा, माइक आला की नाव आणि कुठून आलात ते सांगा आणि एक प्रश्न विचारा. एकच. नवखे लोक (मी पण) प्रश्नाच्या आधी दीड मिनिट आपलं विश्लेषण ऐकवतात आणि शेवटी "याबद्दल काय सांगाल" म्हणतात, मग खेळाडू पण गुळगुळीत उत्तर देऊन मोकळा होतो. त्यापेक्षा "त्या पेनल्टीच्या वेळी तुम्ही कीपरला काय सांगितलंत" असं नेमकं विचारा. हरलेला कॅप्टन समोर असेल तर प्रश्न कडक असू दे, पण आवाज साधा ठेवा. 2021 च्या फ्रेंच ओपनला टेनिसपटू नाओमी ओसाकाने मानसिक त्रासाचं कारण सांगून प्रेस कॉन्फरन्स टाळली, तिला 15,000 डॉलर दंड झाला आणि पुढच्याच दिवशी तिने स्पर्धाच सोडली. समोरच्या माणसाला बहुतेक वेळा तिथं बसावंच लागतं, आपण मात्र स्वतःहून आलेलो असतो, हे विसरू नका.

सेल्फी आणि ऑटोग्राफ मागायचे नाहीत, कॉन्फरन्समध्ये नाही, मिक्स्ड झोनमध्ये नाही, लिफ्टमध्ये पण नाही. मिक्स्ड झोनमध्ये खेळाडू रेलिंगच्या पलीकडून चालत जातात, थांबायचं की नाही ते त्यांच्यावर. आधीच चारजण एकाशी बोलत असतील तर मागून रेकॉर्डर पुढे करायला हरकत नाही, पण मध्येच विषय बदलू नका. एखादं बोलणं उद्यापर्यंत छापायचं नाही असं ठरलं असेल, म्हणजे एम्बार्गो असेल, तर तो पाळायचाच, एकाने मोडला तर पुढच्या वेळी सगळ्यांचंच बंद होतं.

मुलींसाठी एक खास सांगते. ड्रेसिंग रूमच्या दारात अडवलं गेलेली मेलिसा लुडकी ही अमेरिकन बेसबॉल रिपोर्टर कोर्टात गेली आणि 1978 मध्ये जज कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. ज्या दारातून पुरुष रिपोर्टर आत जातात त्याच दारातून तुम्हालाही जाता आलं पाहिजे, तेव्हा कुणी "तुम्ही इथं कशाला" म्हणालं तर कार्ड दाखवा, ऐकलं नाही तर सरळ मीडिया मॅनेजरला बोलवा, आवाज चढवायची गरज नाही आणि मागे हटायची तर नाहीच.

तुमची कॉपी गेली म्हणून लगेच गप्पा सुरू करू नका, तुमचं पान सुटलं असलं तरी शेजारचा अजून लिहीत असतो. चार्जर, वही, टीमशीट गोळा करा, टेबल साफ करा, खुर्ची न सरकवता उठा आणि गप्पा मारायच्याच असतील तर पायऱ्यांवर जा.