दारणेच्या काठी घरच्यांसोबत गळ टाकायचा असेल तर

माझं माहेर घोटीजवळ आणि सासर नाशिकला, सिडकोत. दिवाळी झाली की भाचरांचे फोन सुरू होतात, "आत्या, यंदा गळाला कधी जायचं?" भाऊ, भावजया, सगळी पोरं आणि आई, असे आम्ही वर्षातून एकदा दारणा धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायला जातो. वडिलांनी सुरू केलेलं, आता सगळी तयारी माझ्याकडे आहे. तुम्हालाही घरच्यांना घेऊन जायचं असेल, तर आम्ही कसं करतो ते सांगते.

आधी दिवस ठरवा, आणि पावसाळ्यातला ठरवू नका. पहिला पूर आला की मासे अंडी घालायला ओढ्या-नाल्यांनी वर चढतात. हे चढणीचे मासे धरायला लोक पाट्या, काठ्या, मच्छरदाण्या घेऊन धावतात. पोट गाभोळीने भरलेली मादी त्या वेळी धरली, तर पुढची सगळी वीण त्याच दिवशी संपते. आम्ही कार्तिकी पौर्णिमेनंतरचा आणि मार्गशीर्ष लागण्याआधीचा रविवार धरतो. पाणी निवळलेलं असतं आणि फार गारठलेलंही नसतं. मार्गशीर्षात खंडोबाचं नवरात्र बसतं, मागोमाग गुरुवार येतात, घरात मासे चालत नाहीत. पौषात थंडी इतकी असते की मासा खोल पाण्यात जाऊन बसतो, आमिषाकडे बघत नाही. शिवाय आईला तेव्हा निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जायचं असतं.

मग परवानगी. धरणातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. पाण्यात सोडलेलं मत्स्यबीज, ती बोटभर बोटुकली, त्यांच्या पैशांची असते. म्हणून काठावरच्या गावात आठवडाभर आधी जाऊन ठेका कोणाकडे आहे ते विचारा, सरळ सांगा, "भाऊ, घरची माणसं आहेत, गळाने धरणार, एका पातेल्यापुरते." जी रक्कम सांगतील ती द्या, पावती मागा. जाळं मात्र नेऊ नका. धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा यांच्या आसपास फिरकायचंच नाही. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला खुशाल जा, पण ते अभयारण्य आहे, तिथे गळ न्यायचा नाही.

महागडी रॉड कशाला? आमच्याकडे अजून वेळूच्या काठ्या आहेत, आठ-दहा फुटांच्या, सावलीत वाळवलेल्या. काठीच्या शेंड्याला काठीइतकाच नायलॉनचा दोरा, टोकाला बारीक गळ, त्याच्या वीतभर वर मिरीएवढं शिसं, आणि वर तरंगायला मोरपिसाचा दांडा नाहीतर थर्माकोलचा तुकडा. गळ बांधताना दोऱ्याला पाच वेढे द्या, टोक मागे ओवा आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतो, तिथेच कमजोर होतो आणि मोठा मासा नेमका तिथूनच दोरा तोडून जातो. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, तो पोरांच्या गळांवर पकडीने दाबून सपाट करा. थोडे मासे सुटतील, पण गळ बोटात शिरला तर जसा गेला तसा बाहेर येईल. काटा शाबूत असलेला गळ बोटात रुतला, तर ओढायचा नाही. दोरा कापा आणि घोटीला डॉक्टरकडे चला.

आमिष दोन प्रकारचं ठेवा. गोठ्यामागच्या शेणखतात गांडुळं मिळतात. ती ओल्या मातीसकट भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा आणि डबा सावलीत राहू द्या. दुसरं म्हणजे कणीक. गव्हाचं पीठ, भाजून कुटलेली भुईमुगाची पेंड, थोडा गूळ घट्ट मळायचा आणि मळताना कापसाचे तंतू घालायचे, म्हणजे गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. गळावर हरभऱ्याएवढीच गोळी लावा.

कोणता मासा कुठे खातो हे कळलं की दोरा किती खोल सोडायचा ते आपोआप कळतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या थरात असतो आणि मृगळ तळाशी. या तिघांना कणीक आवडते. चिलापीला गांडूळ द्या, ती काठाच्या गवताशीच मिळते, म्हणून पोरांना चिलापीवरच बसवा. मरळ गळाला लागली तर धिंगाणा घालते, तिथे मोठं माणूस हवं.

पहाटे साडेपाचला आम्ही पाथर्डी फाट्यावर जमतो. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे मागे टाकत उजाडता उजाडता पाण्यावर पोचायचं. सकाळचे पहिले दोन-अडीच तास खरे, नंतर ऊन चढलं की मासा मंदावतो. ज्या काठाकडे वारा वाहतोय तो काठ धरा, वाऱ्याबरोबर तरंगणारं खाद्य तिकडे जमतं. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पाण्यात पडते, म्हणून दोन पावलं मागे बसा. बोललं तर चालतं, पण पाय आपटले की जमिनीतून हादरा पाण्यात जातो. मोरपीस थरथरलं की लगेच हिसका देऊ नका. ते आडवं सरकायला लागलं किंवा बुडालं की मनगटानेच हलका झटका द्या. आमच्या धाकट्या भाच्याला हे मी शब्दांनी कितीदा समजावलं, पण त्याच्या मनगटावर माझा हात ठेवून दोन वेळा झटका दिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पोरांना असंच शिकवा.

पाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. दारणा धरण १९१६ सालचं, या पाण्याखाली जुना गाळ, खड्डे, झाडांचे बुंधे आहेत. वरून सपाट दिसणाऱ्या काठावर गुडघाभर चिखल निघतो. पोहायचं नाही, पाय धुवायलाही एकट्याने उतरायचं नाही. दर दोन पोरांमागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात काठी नसते, मोबाइलही नसतो. फुगवलेली ट्यूब आणि लांब दोर हाताशी ठेवा. डोक्यावरून विजेची तार जात असेल तर तिथे बसूच नका, ओल्या काठीतूनही वीज उतरते. आणि दारू आणणारा पाहुणा, मग तो जावई का असेना, त्या दिवशी आमच्यासोबत येत नाही.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघाला, तर सोडून दिलेला मासाही पुढे रोगाने मरू शकतो. चिलापीच्या पाठीवर काटे असतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत ते मिटवून धरा. शिंगटीच्या बाजूच्या काट्यांनी टोचलं तर फार ठणकतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका कमी होतो, त्यासाठी एक थर्मास गरम पाणी न्याच. रोहू, मृगळ वीतभर असेल तर परत पाण्यात. चिलापी मात्र लहानमोठी सगळी ठेवा. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वीण सपाट्याने वाढते आणि आपल्या इथल्या माशांना जागा उरत नाही.

एका पातेल्यापुरते झाले की गळ गुंडाळायचे, चावा कितीही चांगला लागत असो.

मासा तिथेच साफ करा. शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढून खवले काढा, कल्ले काढा, पोट उघडताना पित्त फुटू देऊ नका. पोटाच्या आतला काळा पापुद्रा खरवडून टाका, निम्मा चिखलट वास त्यातच असतो. उरलेल्या वासासाठी मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवा. तोवर कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर भाजून लसूण-कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटायचं. तेलात वाटण, मग काळा मसाला, मग आधण. रस्सा खदखदला की शेवटी तुकडे सोडायचे आणि डाव घालायचा नाही, पातेलं कडांना धरून हलवायचं. दहा मिनिटांत उतरवा. या दिवसांत भातकापणी झालेली असते, म्हणून आम्ही नव्या तांदळाचा भात करतो. चूल पेंढ्यापासून लांब मांडा. आई माळकरी, तिच्या पिठल्याचं पातेलं, डाव आणि चूल वेगळी, आणि ती आधी पेटते. घरात कोणी न खाणारं असेल तर त्यांचं असंच आधी करा, म्हणजे ते माणूस पुढच्या वर्षीही येतं.

निघताना निखाऱ्यांवर पाणी ओता. तुटलेल्या दोऱ्याचा बोटभर तुकडासुद्धा काठावर राहू देऊ नका, बगळ्यांच्या पायांत तो अडकतो. खवले आणि आतडी पाण्यात न टाकता खड्डा करून पुरा. घरी आल्यावर गळ गोड्या पाण्याने धुऊन पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि बुचात टोचून डब्यात ठेवा. काठ्या उभ्या न ठेवता माळ्यावर आडव्या ठेवा, नाहीतर वर्षभरात वाकतात.