भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज सारखा परत येत होता, असा सुटला

लक्षण: नागपुरात मनीषनगरला तळमजला अधिक दोन मजल्यांचं घर. भोगवट्याचा (बांधलेलं घर वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्याचा) अर्ज दरवेळी एकाच शेऱ्यासह परत: ‘बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे नाही.’ नेमकं कुठे, ते लिहिलेलं नाही. स्टॅम्पपेपरवर हमीपत्र दिलं, तीच कागदपत्रं पुन्हा जोडली, उपयोग शून्य. वैताग येतोच.

कामी आलं ते या क्रमाने. आधी परवानाधारक अभियंत्याकडून प्रत्यक्ष मोजमाप करून घेतलं आणि जसं बांधलंय तसा नकाशा मंजूर नकाशाशेजारी ठेवला. दोन फरक सापडले: बाजूच्या सामासिक अंतरात (घर आणि भूखंडाची हद्द यांमध्ये मोकळी सोडायच्या जागेत) पक्कं शौचालय आणि जिन्याची बदललेली जागा. शौचालय पाडलं, कारण सामासिक अंतरातलं बांधकाम शुल्क भरलं म्हणून आपोआप नियमित होत नाही. जिना नियमात बसत होता, म्हणून सुधारित नकाशाला मंजुरी घेतली. ती हातात आल्यावरच, आधी नाही, अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला नव्या तारखेने घेतला. जुना दाखला जुन्या नकाशाचा हवाला देतो, तिथेच अर्ज पुन्हा अडकतो. मग नवा अर्ज: बांधकाम परवानगी, जोता (पायावरचा चौथरा) तपासणीचा दाखला, सुधारित नकाशा, मलनिस्सारण जोडणीचा कागद, चारही बाजूंचे फोटो. पार्किंगचा फोटो रिकामा काढा. तिथे सामान रचलेलं दिसलं की गोदाम म्हणून शंका घेतात. तपासणीला अभियंता टेप घेऊन हजर हवाच.

भूखंड 500 चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पर्जन्यजल संधारणही आधीच पूर्ण करा.