कागदी वाटणाऱ्या ड्रममध्ये जोर आणि खरबरीतपणा कसा आणायचा

परळच्या एका जुन्या गाळ्यात आमचा लहानसा स्टुडिओ आहे. मागच्या पावसाळ्यात तिथे एका मराठी बँडचे ड्रम रेकॉर्ड केले. वाजवून झाल्यावर ड्रम वाजवणारा मुलगा आत येऊन ऐकायला बसला, अर्धं गाणं ऐकलं आणि हळूच म्हणाला, "ताई, तिकडे वाजवताना छातीत धडधडत होतं. इथे पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखं वाटतंय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. माइक बरे होते, कातडी नवी होती, वाजवलंही नेटकं होतं. पण संगणकात आवाज जसा येतो तसाच उतरतो. काठी पडते त्या क्षणाचं टोक खूप उंच जातं, आणि त्यामागचा ड्रमचा खरा देह, म्हणजे घुमणं, खोलीचा श्वास, स्नेअर ड्रमच्या तळाच्या तारांची सळसळ, खाली दबून राहतो. जुन्या फितीवर हे टोक आपोआप घासलं जायचं. ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओमध्ये सत्तरच्या दशकात वादक एकत्र बसून गाणं वाजवत आणि ते चुंबकीय फितीवर उतरत असे. फितीला जेवढं झेपतं त्याहून जास्त आवाज दिला की ती टोकं गोल करते आणि वर थोडे नवे स्वरांश (मूळ स्वराच्या वरचे बारीक स्वर) चढवते. तेच काम आज आपल्याला हाताने करायचं आहे.

पण एकही प्लगइन (आवाजावर काम करणारं छोटं सॉफ्टवेअर) लावण्याआधी फेज तपासा, म्हणजे वेगवेगळ्या माइकमधल्या लाटा एकमेकींशी जुळतात का ते बघा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. ड्रमच्या वर लावलेला एक ओव्हरहेड माइक स्नेअरपासून 90 सेंटिमीटरवर आणि दुसरा 110 वर असेल, तर तोच फटका दोनदा, किंचित पुढेमागे येतो आणि स्नेअरचं पोट जातं. मी सुतळीने मोजते. स्नेअरच्या मधोमध एक टोक धरायचं, दोन्ही माइकपर्यंत सारखी लांबी येईपर्यंत स्टँड सरकवायचे. रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी करून ओव्हरहेडबरोबर ऐका, जिथे खालचा आवाज भरतो ती बाजू ठेवा. इथे चूक राहिली तर पुढे कितीही कंप्रेस करा, म्हणजे मोठे आवाज दाबून सारखे करा, पोकळपणाच मोठा होतो.

मग लेव्हल. जुन्या यंत्रांची नक्कल करणारी बरीचशी प्लगइन संगणकातल्या उणे 18 डेसिबलला आपला शून्य मानून बनवलेली असतात. ड्रमचा सरासरी आवाज त्याच्या आसपास आणून द्या. फार जोरात दिलं तर सगळं एकदम फाटतं, आणि लोकांना वाटतं की प्लगइनच वाईट आहे.

मी टेपची नक्कल करणारं प्लगइन आधी लावते, कंप्रेसर नंतर. कारण साधं आहे. टेपने टोकं दोन-तीन डेसिबल घासून दिली की कंप्रेसर प्रत्येक फटक्याला दचकत नाही, एकसारखा काम करतो. सेकंदाला 15 इंच हा वेग निवडला तर खालचा भाग जरा फुगतो आणि वरची धार मऊ होते. किक-टॉमला हे फार शोभतं. 30 इंचाला वरचा भाग जास्त स्वच्छ राहतो, म्हणून ओव्हरहेडला मी तो देते. प्लगइनमध्ये ओव्हरसँपलिंग (आवाजाचे जास्त बारीक नमुने घेऊन काम करणं) असेल तर चालू ठेवा, नाहीतर झांजांत काचेसारखी एक किरकिर शिरते, ती नंतर कशानेही निघत नाही.

आता कंप्रेसर, आणि इथे घाई करू नका. त्या गाण्याची लय मिनिटाला 96 ठोके होती. म्हणजे एक ठोका 625 मिलिसेकंद, त्याचा अर्धा 312, पाव 156. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, म्हणजे दोन स्नेअरमध्ये 1250 मिलिसेकंद. मी रेशो (किती दाबायचं) 4 ठेवला, अटॅक (दाब बसेपर्यंतचा वेळ) 20 मिलिसेकंद, आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीपुढे दाबणं सुरू होतं ती) इतका खाली आणला की प्रत्येक फटक्याला, किती दाबलं ते दाखवणारा काटा सहा डेसिबल मागे जाई. 20 मिलिसेकंदांत काठीचा टणत्कार निसटून जातो आणि मागची शेपटी तेवढी दाबली जाते. अटॅक दोनवर आणला, तर काठी गेली, नुसतं 'थप' उरलं. परत 20. मग रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ. 600 वर काटा आळसावल्यासारखा परतत होता, मधले हलके घोस्ट नोट्स पार बुडत होते. 150 वर आणल्यावर तो पुढच्या पाव ठोक्याच्या आत घरी यायला लागला, आणि ते हलके फटके वर आले. मुलगा खुर्चीत सरळ झाला. डोळे काट्यावर ठेवा: तो गाण्याच्या लयीत नाचायला हवा.

खरबरीतपणा मात्र मूळ ट्रॅकवर चढवत नाही, त्यासाठी वेगळी बस, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात अशी वाट, करते. किक, स्नेअर, टॉम आणि रूम माइकचा (खोलीचा आवाज पकडणाऱ्या माइकचा) आवाज तिथे पाठवायचा, आणि ती बस निर्दयपणे चिरडायची. 1176 या जुन्या कंप्रेसरच्या नकलेवर मी चारही रेशोची बटणं एकत्र दाबते. या यंत्राच्या अटॅक-रिलीजच्या खुंट्या उलट चालतात, उजवीकडे फिरवलं की वेग वाढतो. नवीन माणूस इथे हमखास फसतो. अटॅक सगळ्यात मंद ठेवला तरी तो 800 मायक्रोसेकंद, म्हणजे एका मिलिसेकंदाच्याही आत. रिलीज सगळ्यात वेगवान, 50 मिलिसेकंद. काटा 15-20 डेसिबल मागे गेला तरी घाबरू नका.

खरबरीतपणा नेमका येतो कुठून, हे कळलं की हात बिनधास्त फिरतो. 50 हर्ट्झच्या किकची एक लाट 20 मिलिसेकंदांची असते. कंप्रेसर इतका चपळ केला की तो पूर्ण फटक्याऐवजी लाटेलाच धरू-सोडू लागतो, लाटेचा आकार मोडतो आणि नवे स्वरांश जन्मतात. म्हणून ज्या प्लगइनमध्ये रिलीज 5-10 मिलिसेकंदांपर्यंत खाली जातो, तिथे किक अक्षरशः गुरगुरते.

या बसचा शत्रू म्हणजे हाय-हॅट, पायाने मिटणारी झांजांची जोडी. स्नेअरच्या माइकमध्ये ती शिरलेली असतेच, आणि चिरडल्यावर स्नेअरइतकीच मोठी होते. त्यामुळे कंप्रेसरच्या आधी स्नेअरवर गेट (हलका आवाज बंद करणारं प्लगइन) लावा, आणि बसवर सहा-सात हजार हर्ट्झच्या वरचं कापून टाका. धार मूळ ट्रॅकमधून येतेच आहे. ओव्हरहेड या बसला मी पाठवत नाही.

मग बसचा फेडर पूर्ण खाली, आणि सबंध गाणं चालू असताना हळूहळू वर. ड्रम एकटे वाजवून हे ठरवू नका. गिटार आणि गाणं सुरू असताना जिथे ड्रम 'जवळ' आल्यासारखे वाटतात तिथे थांबा, आणि दोन डेसिबल मागे या.

माझ्याकडे एक खरीखुरी फीतसुद्धा आहे. चोरबाजारातून आणलेला कॅसेट डेक, त्याचे पट्टे लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलले. कॅसेट सेकंदाला जेमतेम 4.76 सेंटिमीटर पळते, त्यामुळे ती फार लवकर दबते. फक्त स्नेअर आणि रूम माइक तिच्यावर पाठवते, काटे लालमध्ये. डॉल्बी, म्हणजे फितीची सरसर कमी करणारी सोय, बंद. आधी काठ्यांचा एक टकोरा रेकॉर्ड करते, म्हणजे परत संगणकात घेतल्यावर त्यावर सगळं जुळवता येतं. डेकचा वेग थोडा सरकतोच, म्हणून दर आठ मात्रांच्या गटानंतर कापून पुन्हा जागेवर बसवावं लागतं. तासभर जातो. पण स्नेअरला जो भाजलेल्या मातीसारखा रंग येतो, तो मला अजून कुठल्या प्लगइनने दिलेला नाही. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय टेप घालू नका.

एकदा हा सगळा प्रकार मी रेकॉर्ड करतानाच आत बेक केला होता, मूळ ट्रॅक न ठेवता. गाणं नंतर शांत केलं गेलं आणि ड्रम परत शांत करता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा वाजवून घ्यावं लागलं. कोरडा, म्हणजे काहीही न लावलेला, ट्रॅक नेहमी वेगळा ठेवा.

ढोल-ताशाला हे जसंच्या तसं लावू नका. ढोलाला चिरडलेली बस छान चालते, पण ताशाच्या काड्या इतक्या दाट पडतात की काट्याला परतायला जागाच मिळत नाही. सगळा ताशा एका सपाट पट्टीसारखा होतो. ताशाला फक्त टेप द्या, तीन डेसिबलच्या आत.

सगळ्या ड्रमच्या मुख्य बसवर शेवटी एक कंप्रेसर: रेशो 2, अटॅक 30 मिलिसेकंद, रिलीज ऑटो, काटा दोन डेसिबल हलेल इतकंच. साइडचेनमध्ये (कंप्रेसर जो आवाज ऐकून दाबायचं ठरवतो त्यात) 90 हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर प्रत्येक किकला झांजा खाली बसतात.

यातली प्रत्येक पायरी लावून-काढून ऐका, पण आवाज सारखा करून. कंप्रेसरने एक डेसिबल वाढवला तरी कानाला तोच चांगला वाटतो. आउटपुट खुंटीने दोन्ही बाजू जुळवा, डोळे मिटा, आणि बायपास बटण इतक्या वेळा दाबा की चालू आहे की बंद हे विसरायला होईल. मग जे आवडेल ते ठेवा. त्या मुलाने असंच डोळे मिटून चार वेळा निवडलं, चारही वेळा चिरडलेली बस चालू असलेलं. मग त्याने फोनवर घेऊन खाली चहाच्या टपरीपाशी ऐकलं, आणि वर येऊन म्हणाला, स्नेअर अजून अर्धा डेसिबल वर घ्या. घेतला.