फल्लीदाण्याचं अमेरिकन ब्रिटल, नागपूरच्या गॅसवर

ज्यांना फल्लीदाण्याची चिक्की आवडते त्यांनी पीनट ब्रिटल एकदा तरी घरी करून बघाच. अमेरिकेतला हा जुना घरगुती गोड प्रकार आहे, तिकडे ख्रिसमसच्या दिवसांत लोक डबे भरून करतात आणि शेजारीपाजारी वाटतात, आणि 26 जानेवारीला तर चक्क पीनट ब्रिटलचा दिवस मानतात. म्हणून आमच्याकडे झेंडावंदन करून पोट्टे घरी आले की दुपारी हेच होते, आता ठरूनच गेलंय.

आधी एक सांगते, याला साखरेची चिक्की समजून करायला जाऊ नका. चिक्कीत आपण दाणे आधी भाजतो, सोलतो, पाकात टाकतो आणि बेलनं दाबून लाटतो, त्यामुळे ती घट्ट बसते. ब्रिटलमध्ये कच्चे दाणे पाकातच भाजले जातात आणि शेवटी खाण्याचा सोडा पडतो, त्याने पाकात बारीक बारीक बुडबुडे अडकून राहतात, म्हणून ते काचेसारखं तुटते पण दाताला हलकं लागते. लाटलं की हे बुडबुडे मेले, मग उरते ती नुसती कडक साखर.

साखर 1 कप, लिक्विड ग्लुकोज अर्धा कप, पाणी पाव कप, कच्चे फल्लीदाणे 1 कप म्हणजे साधारण 150 ग्रॅम, बटर 2 मोठे चमचे, खाण्याचा सोडा 1 छोटा चमचा आणि पाव चमचा मीठ. दाणे लाल सालीचे, बारीक घ्या, साल काढायची गरज नाही. लिक्विड ग्लुकोज इतवारीत बेकरीचं सामान मिळते तिथे विचारा, घट्ट पारदर्शक मधासारखं दिसते, मेडिकलमधली ग्लुकोजची पावडर आणू नका, ते वेगळं. अमेरिकेत यासाठी कॉर्न सिरप वापरतात आणि त्याचं काम एकच, पाकाची परत साखर होऊ द्यायची नाही. अगदीच नाही मिळालं तर साखर दीड कप, पाणी अर्धा कप घ्या आणि त्यात अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस पिळा, होते, फक्त जरा जास्त जपावं लागते.

गॅस लावायच्या आधी सगळी तयारी ओट्यावर पाहिजे, कारण शेवटी हात रिकामा नसतो. मोठी स्टीलची परात तुपाचा हात लावून ठेवा, थंडीचे दिवस असतील तर परात आधी थोडी कोमट करा नाहीतर पाक पडल्या जागीच गोठतो. सोडा चाळून वाटीत काढा, एक जरी गाठ राहिली तरी तो तुकडा कडू लागतो. आणि पोट्ट्यांना स्वयंपाकघराबाहेर पाठवा बाप्पा, उकळतं पाणी 100 डिग्रीला असते आणि हा पाक 150 ला जातो, वरून अंगाला चिकटून बसतो.

आता जाड बुडाचा गंज घ्या, दिसतो त्यापेक्षा मोठाच घ्या, सोडा पडला की पाक एकदम वर येतो. साखर, ग्लुकोज, पाणी, मीठ मध्यम गॅसवर ठेवा आणि साखर विरघळेपर्यंत हलवा, नंतर चमचा बाजूला ठेवा. हे महत्त्वाचं आहे. अमेरिकेतले शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर आपल्या मराठी घरांत सगळ्यांना माहीत आहेत, त्यांनी 1916 साली शेंगदाण्याच्या 105 पाककृतींची पुस्तिका काढली होती, त्यात ब्रिटलही आहे आणि तिथेही हेच बजावलंय की हलवलं तर पाकाची साखर होईल. माझा पहिला घाणा असाच गेला, मी सारखी हलवत राहिले आणि दहा मिनिटांत गंजात पांढरी रवाळ साखर. गंजाच्या कडेला साखरेचे कण चिकटलेले दिसले तर ओला ब्रश फिरवा, बस.

पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांत धरला की त्याची टणक गोळी होते, पण दाबली तर दबते, तेव्हा दाणे टाका. दाण्यांनी पाक थोडा घट्ट होतो, घाबरू नका, परत सैल होतो. इथून मात्र सराटा हातात घ्या आणि बुडाला लागू नये म्हणून हलवत राहा, ग्लुकोजमुळे आता साखर होत नाही. आठ-दहा मिनिटं जातील, दाणे तडतडायला लागतात, भाजल्या दाण्यांचा वास घरभर होतो आणि पाक आधी पिवळसर, मग फिक्या चहासारखा होतो. थर्मामीटर असेल तर 150, नसेल तर परत थंड पाण्यात थेंब टाका. तो वाकला किंवा दाताला चिकटला तर अजून वेळ आहे, कटकन मोडला पाहिजे. या शेवटच्या दोन मिनिटांत कोणी बेल वाजवली, फोन आला, काहीही झालं तरी गॅस सोडू नका, सोनेरी आणि करपलेलं यात अर्ध्या मिनिटाचं अंतर राहते.

रंग आला की गॅस बंद, बटर टाका, विरघळलं की सोडा भुरभुरा आणि भराभर हलवा. पाक फेसाळून फुलतो, रंग मातकट फिका होतो, बघण्यासारखं असते ते. पाच-सात वेळा हलवून लगेच परातीत ओता, जास्त घोटलं तर फेस बसतो. परात डुगडुगू नये म्हणून खाली ओला फडका ठेवा. ओतलेलं सराट्याने थापायचं नाही, दोन काटेचमचे घेऊन कडा बाहेर हळूहळू ओढा, जितकं ओढाल तितकं पातळ आणि कुरकुरीत. अर्ध्या तासात गार होते, मग हाताने वेडेवाकडे तुकडे तोडा, वड्या पाडायच्या नाहीत.

आपल्याकडे करायचं तर डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला, हवा कोरडी राहते. पावसाळ्यात नका करू, साखर हवेतलं पाणी ओढून घेते आणि संध्याकाळपर्यंत तुकडे एकमेकांना चिकटतात. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली, मे महिन्यात बाहेर 45 डिग्री, कोरडं ठणठणीत असते तरी ब्रिटल चिकट काहून झालं तर घरात कूलर सुरू होता नं, त्याचा सगळा ओलावा त्याने ओढला. तेव्हा गार झालं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, मधे बटर पेपर घालून भरा, दोन-तीन आठवडे आरामात टिकते. फ्रीजमध्ये ठेवू नका.

गंज घासत बसू नका, त्यात पाणी भरून परत गॅसवर उकळा, सगळा पाक आपोआप सुटून येतो.