मसल स्टेम सेलच्या लॅबमध्ये जाताय? आधी तिथली माणसं बघा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की आपल्याकडच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, ताई लॅब कशी निवडू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी पुण्यात एमएस्सी करून अमेरिकेत पीएचडीला आले, पहिल्या वर्षी तीन लॅबमध्ये रोटेशन (एकेका लॅबमध्ये थोडे दिवस काम करून बघणं) करायचं होतं, दुसरी लॅब स्नायूंच्या स्टेम सेलची निघाली आणि मी तिथेच राहिले. आता चौथं वर्ष चालू आहे.

या पेशींना सॅटेलाइट सेल म्हणतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पाहिल्या, स्नायूच्या तंतूला (एका लांब पेशीला) अगदी चिकटून, त्याच्या बाहेरच्या आवरणाच्या आत दडलेल्या. एरवी झोपून असतात, स्नायूला इजा झाली की जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवा तंतू करतात आणि काहीजणी परत जाऊन झोपतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे परत जाणं.

आता माणसं. प्रोफेसर म्हणजे पीआय तुम्हाला आठवड्यातून एकदा तासभर भेटणार, बाकी वेळ ग्रँट म्हणजे निधीचे अर्ज लिहिण्यात जातो, त्यामुळे रोजचं काम तुम्ही त्यांच्याकडून शिकणार नाही आहात हे आधीच धरून चाला. माझ्या मते लॅबचा खरा कणा लॅब मॅनेजर. आमच्या मॅनेजर बाई वीस वर्षं हेच करतायत. पहिल्या महिन्यात मी सीटूसीट्वेल्व्ह पेशी (उंदराच्या स्नायूची सेल लाइन, सगळे यावरच हात बसवतात) शुक्रवारी तशाच ठेवून गेले, सोमवारी डिश गच्च भरलेली आणि पेशी एकमेकींत जुळून लांब लांब नळ्या झालेल्या, म्हणजे आता त्या विभागणारच नाहीत, सगळं वाया. बाई ओरडल्या नाहीत, शेजारी बसून दाखवलं की डिश साठ-सत्तर टक्के भरली की लगेच पातळ करायची, म्हणजे थोड्या थोड्या पेशी नव्या डिशमध्ये टाकायच्या, आणि अशा नळ्या मुद्दाम करायच्या असतील तर नेहमीचं सीरम (पेशींच्या खाद्यातला रक्ताचा भाग) बदलून दोन टक्के हॉर्स सीरम, म्हणजे घोड्याचं, द्यायचं. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी डिश बघितल्याशिवाय मी घरी जात नाही.

पोस्टडॉककडून (पीएचडी झाल्यावर लॅबमध्ये संशोधन करणारे) हाताचं कौशल्य मिळतं. आमच्याकडच्या पोस्टडॉकने मला एकेक तंतू सुटा करायला शिकवलं. उंदराच्या पायातला ईडीएल नावाचा छोटा स्नायू या टेंडनपासून त्या टेंडनपर्यंत अख्खा काढायचा, मध्ये कुठे चिमट्यात धरायचा नाही, कोलॅजिनेझमध्ये (तंतूंना धरून ठेवणारं जाळं विरघळवणारं एन्झाइम) ३७ डिग्रीला ठेवायचा आणि मग ज्याचं तोंड आचेवर गुळगुळीत केलंय अशा काचेच्या पिपेटने हळूहळू मीडिया (पेशींचं पोषक द्रव) सोडत राहायचं. तंतू रेशमाच्या धाग्यासारखे चमकत सुटे होतात. धक्का लागलेला तंतू आखडून काळपट तुकडा होतो, तो बाजूला काढायचा. मला जमायला दोन महिने लागले, तुम्हालाही लागतील, घाबरू नका.

उंदरांची कॉलनी सांभाळणारा टेक्निशियन असतो त्याच्याशी पहिल्या आठवड्यातच बोला. कुठली पिल्लं कधी जन्मली, कुणाचा जीनोटाइप (जीनच्या तपासणीचा निकाल) आला, डिस्ट्रोफिन हे स्नायूतलं प्रोटीन नसलेले एमडीएक्स उंदीर किती आहेत (ड्युशेन या स्नायू झिजण्याच्या आजाराचं काम त्यांच्यावर चालतं), सगळं त्याच्या वहीत असतं. त्याला विचारल्याशिवाय प्रयोगाची तारीख ठरवली की हमखास महिना पुढे जातो.

आणि कंप्युटरवाला. आमच्याकडे सिंगल सेल आरएनएचा डेटा (एकेका पेशीत कुठले जीन चालू आहेत ते) बघणारा एक मुलगा आहे, त्याच्या हाताला कधी पिपेट लागलं नाही, पण माझ्या "झोपलेल्या" पेशींमध्ये ताणाचे जीन चढलेले बघून तोच म्हणाला, हे स्नायूचं नाही, तुझ्या कोलॅजिनेझचं आहे. खरंच होतं, पेशी बाहेर काढता काढताच अर्ध्या जाग्या होतात, २०१७ च्या आसपास दोन-तीन लॅबनी हे दाखवलंय. माझ्या थीसिसचं अख्खं चॅप्टर त्या एका वाक्यामुळे बदललं.

परदेशातच जायला पाहिजे असं मुळीच नाही हं. ज्योत्स्ना धवन यांनी हैदराबादच्या सीसीएमबी आणि बंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थांमध्ये याच पेशींच्या झोपेवर कितीतरी वर्षं काम केलंय, त्यांचे पेपर आधी वाचा.

लॅब बघायला जाल तेव्हा एक लॅब मीटिंग बसून ऐका, कुणी चुकलेला प्रयोग मोकळेपणाने दाखवतंय का ते बघा. नंतर सगळ्यात सीनियर पीएचडीवाल्याला एकटं गाठून विचारा, याआधीच्यांना किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत. उत्तर द्यायला तो घुटमळला तर दुसरी लॅब बघा. आणि रोटेशन पक्कं झालं की त्याच दिवशी प्राण्यांच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरा, ते व्हायला आठवडे लागतात आणि तोवर उंदराला हात लावता येत नाही.